डिचोलीचा डीटीपीवाला: एक प्रकरण अभ्यास

यातली माणसं कल्पित आहेत. कायदा आणि निकाल खरे. कनिष्ठ वकिलांच्या वर्गासाठी हे प्रकरण रचताना एक गोष्ट मी मुद्दाम मोघम ठेवली: बंदी असलेली संघटना कुठल्या विचाराची, ते सांगितलंच नाही. नाव कानावर पडलं की अर्धा वर्ग निकाल लावून मोकळा होतो आणि उरलेला अर्धा उलट बाजूने लढायला उभा राहतो. संघटना यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्य प्रतिबंधक कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे, एवढं आपल्याला पुरे.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात डीटीपीचं एक दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, चतुर्थीच्या दिवसांत घुमट आरती स्पर्धेच्या व्हिडिओंवर पथकांची नावं टाकून देणं, असली कामं. मालक तिशीतला, हाताने चांगला. टेलिग्रामवरून त्याच्याकडे काम येतं: हिंदी व्हिडिओंना मराठी उपशीर्षकं लावायची, मिनिटामागे शंभर रुपये, पैसे यूपीआयने. पहिले तीन व्हिडिओ नुसत्या भाषणबाजीचे. अमक्या ठिकाणी अन्याय झाला, तमक्याला मारलं, मागे रडकं संगीत. निवडणुकीच्या हंगामात कुठलाही पक्ष याहून जहाल काढतो.

चौथ्यात संघटनेचं चिन्ह आहे, तोंड झाकलेला माणूस आहे, आणि शेवटच्या चाळीसेक सेकंदांत सरळ आवाहन आहे: हा देश आपला नव्हे, आमच्यात या, सरकारी माणसांवर हल्ले करा. हे पाहून डीटीपीवाला चॅनेलच्या ॲडमिनला व्हॉइस नोट पाठवतो. "दादा, हे जरा गरम वाटतंय. पोलिसांचं लफडं नाही ना होणार?" उलट निरोप येतो, "तुझं नाव येतंय कुठे त्यात?" मग तो मिनिटामागे अडीचशे मागतो आणि ते त्याला मिळतात. वर आणखी एक काम सांगितलं जातं. चिन्हावर धूसर पट्टी मार, म्हणजे व्हिडिओ उडवला जाणार नाही. तो पट्टी मारून देतो.

व्हिडिओ चॅनेलवर चढतो. वाळपईकडचा एक कॉलेजचा पोरगा तो पाहतो आणि "हे बघा काय चाललंय" असं लिहून गावच्या क्रिकेट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ग्रुपमधल्या कोणाचा तरी मामा पोलिसात. दोन दिवसांत पोरगा पोलीस स्थानकात, त्याच्या मागोमाग ग्रुपचा ॲडमिन म्हणून टीमचा कप्तानही.

डीटीपीवाला सापडतो तो स्वतःच्या आळसामुळे. टेलिग्रामवर त्याने व्हिडिओ 'फाइल' म्हणून पाठवला होता, त्यामुळे ती जशीच्या तशी गेली. नेहमीसारखी दाबून लहान झाली नाही. फाइलचे गुणधर्म उघडले तर शीर्षकाच्या रकान्यात लिहिलेलं: 'घुमट आरती स्पर्धा, अंतिम फेरी'. जुन्याच प्रोजेक्टवर नवं काम बसवायची सवय. त्या गावच्या स्पर्धेचं काम कोणी केलं, हे विचारायला सायबर तज्ज्ञ लागत नाही. मंडळाच्या खजिनदाराकडे पावती होती.

चॅनेलचा ॲडमिन राज्याबाहेरचा, बहुधा देशाबाहेरचा. नंबर आभासी. तो सापडलेला नाही.

अशा खटल्यांतलं हे ठरलेलं चित्र आहे. ज्याने योजना आखली तो पडद्याआड राहतो, आणि कोर्टात उभा राहतो तो मजुरीवर काम करणारा किंवा बोट लागून गेलेला. एफआयआर वाचताना मला पहिली चीड येते ती याच ठिकाणी. मोठा हाती लागला नाही म्हणून त्याच्या वाट्याची कलमं छोट्यांना लावून ठेवतात.

इथेही तसंच झालं असं धरू. सुरुवातीला गुन्हा नोंद झाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली, म्हणजे गटागटांत वैर पसरवणं. मग वरून फोन आला आणि यूएपीएची १८, ३८ (दहशतवादी संघटनेचं सदस्यत्व) आणि ३९, न्याय संहितेची ११३ (दहशतवादी कृत्य) आणि १५२ (देशाच्या सार्वभौमत्वाला धोका), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-एफ अशी भर पडली. तिघांनाही तीच यादी.

यातलं ६६-एफ आधी काढून टाकू. नाव 'सायबर दहशतवाद', म्हणून ऑनलाइन दिसलं की लावायचा मोह होतो. पण कलम वाचलं तर त्याला संगणक यंत्रणा बंद पाडणं, अनधिकृत घुसखोरी, विषाणू सोडणं किंवा राखीव माहिती चोरणं असं काहीतरी लागतं. उपशीर्षकं लावणं यात कुठेच बसत नाही. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, म्हणून फायलीत वजन दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. ११३ ची गोष्ट वेगळी. दहशतवादी कृत्याची व्याख्या २०२४ च्या १ जुलैपासून न्याय संहितेतही आली. पण गुन्हा ११३ खाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने ठरवायचं, असं त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. दोन्ही एकदम लावली असतील, तर त्या अधिकाऱ्याने ठरवलं काय, हा प्रश्न बचाव पक्ष पहिल्याच तारखेला विचारणार.

आता कप्तान. ग्रुपचा ॲडमिन म्हणून तो सदस्याच्या पोस्टला जबाबदार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. सामायिक हेतू किंवा आधीचं संगनमत दाखवल्याशिवाय ॲडमिनपणाचा गुन्हा होत नाही. गोव्यालाही उच्च न्यायालय तेच, म्हणून निकाल इथेही लागू. त्याला पहिल्या रिमांडलाच सोडून द्यायला हवं होतं.

कॉलेजच्या पोराबद्दल वर्गात दर वेळी वाद होतो. "व्हिडिओ पसरला तर त्यानेच ना?" हो, पसरवला त्यानेच. पण यूएपीएच्या ३९ ला संघटनेचं काम पुढे न्यायचा हेतू लागतो. २०२१ मध्ये कोझिकोडच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. थ्वाहा फसल म्हणून तो निकाल ओळखला जातो. संघटनेचं साहित्य जवळ सापडणं, तिच्याशी जवळीक दिसणं, एवढ्यावर ३८ आणि ३९ उभी राहत नाहीत. २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या निकालातही साहित्य बाळगण्याबाबत तसंच म्हटलं गेलं. इथे तर "हे बघा काय चाललंय" या चार शब्दांत कौतुक आहे की किळस, तेही सांगता येत नाही. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ मध्ये न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या आणि तिसरीवरच कायद्याचा हात पोचू शकतो असं ठरवलं. पोरगा पहिल्या पायरीवरही नीट उभा नाही.

गोव्याला हे विसरायला नको. २०१४ मध्ये इथल्याच एका जहाजबांधणी अभियंत्यावर फेसबुकवरच्या राजकीय पोस्टवरून गुन्हा नोंद झाला होता आणि त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ए, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम, होतं. वर्षभरात, याच श्रेया सिंघल निकालात, ते कलमच घटनाबाह्य ठरलं.

तरी नुसतं 'पोराला सोडा' म्हणणं पुरेसं नाही, असं मी वर्गात सांगतो. त्याला साक्षीदार करा. व्हिडिओ सामान्य माणसापर्यंत पोचला, तो पाहून काय वाटलं, चॅनेलची लिंक कुठून मिळाली, त्या दिवशी चिन्हावर पट्टी होती की नव्हती, हे कोर्टात शपथेवर कोण सांगणार? तोच. त्याला आरोपी केलं की घटनेने दिलेलं गप्प राहण्याचं कवच त्याच्याभोवती येतं आणि सरकारी पक्ष आपला सगळ्यात चांगला साक्षीदार स्वतःच गमावून बसतो. पोलिसांना आरोपींची संख्या मोठी हवी असते. खटला चालवणाऱ्याला ती लहान असली तर बरं.

उरला डीटीपीवाला. खरं प्रकरण त्याचंच.

उपशीर्षकं देणं हा गुन्हा होऊ शकतो का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तारेक मेहन्ना याला २०१२ मध्ये साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. अरबी मजकुराचं भाषांतर करून पसरवणं हाही त्याच्यावरच्या आरोपांचा भाग होता. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षा कायम ठेवली, पण भर दिला तो मुख्यतः त्याच्या येमेनच्या प्रवासावर. निव्वळ भाषांतर पुरेसं झालं असतं का, हा वाद तिथे आजही संपलेला नाही. न्यूझीलंडमध्ये २०१९ च्या क्राइस्टचर्च हत्याकांडाचा व्हिडिओ वाटल्याबद्दल एका व्यावसायिकाला २१ महिन्यांची कैद झाली. त्याने तीसेक लोकांना तो पाठवला होता, शिवाय त्यावर नेमबाजीची खूण आणि मृतांचा आकडा टाकून घ्यायला सांगितलं होतं. आणि आपल्या शेजारीच, उत्तर कन्नडातल्या भटकळमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) 'व्हॉइस ऑफ हिंद' या इस्लामिक स्टेटच्या ऑनलाइन मासिकाच्या तपासात अटक केली. दक्षिणेतल्या भाषांत अनुवाद करून ते पसरवल्याचा आरोप यंत्रणेने ठेवला. म्हणजे प्रश्न गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या हद्दीपासून काही फार लांबचा नाही.

आपल्या कायद्यात डीटीपीवाल्यासाठी तीन दारं दिसतात. पहिलं १८: दहशतवादी कृत्याला जाणूनबुजून साहाय्य. याची शिक्षा किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. पण त्यासाठी एखादं कृत्य किंवा त्याची तयारी समोर हवी. व्हिडिओ पाहून कोणी काही केलं, किंवा करायला निघालं, असं इथे काही नाही. दुसरं ३९, संघटनेला पाठिंबा मागणं, दहा वर्षांपर्यंत. तिसरं १३, बेकायदेशीर कृत्याचं समर्थन, त्याला साहाय्य किंवा चिथावणी, सात वर्षांपर्यंत.

३९ च्या बाजूने सरकारी वकील काय म्हणेल? मूळ आवाहन हिंदीत होतं. "आमच्यात या" हे मराठी वाक्य डीटीपीवाल्याने लिहिलं, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला निमंत्रण दिलं ते त्यानेच. युक्तिवाद चांगला आहे. वर व्हॉइस नोट आहे: लफड्याची शंका आली होती. भाव वाढवून घेतला: धोक्याची किंमत त्याला कळली होती. आणि पट्टी. मला पट्टी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूबने २०१६ च्या डिसेंबरात अशा व्हिडिओंच्या ठशांची सामायिक यादी ठेवायचं जाहीर केलं. ओळखीचा ठसा दिसला की व्हिडिओ हेरून अडवता येतो. चिन्ह झाकायचं ते असल्या पहाऱ्याला चुकवायला, आणि ते का झाकायचं हे त्याला सांगितलेलं होतं. लग्नाच्या व्हिडिओतल्या वधूपित्याचं टक्कल झाकणं आणि हे झाकणं यात फरक आहे हे त्याला कळत होतं.

बचावाचं उत्तर एका शब्दात: हेतू. त्याला माहीत होतं, मान्य. पण संघटनेचं काम पुढे जावं असं त्याला वाटत होतं का? त्याला अडीचशे रुपये मिनिटाला हवे होते. जाणीव आणि हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ३९ दुसरी मागतं. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यात प्रसाराच्या गुन्ह्याला हेतू नसला तरी बेफिकिरी पुरते. आपल्याकडे तशी सोय नाही. पैशासाठी डोळे उघडे ठेवून मदत करणाऱ्यासाठी यूएपीएत नेमकं बसणारं कलमच नाही, हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणात कोणीही प्रामाणिकपणे पुढे जाऊ शकत नाही.

आणि कलम कुठलं निवडायचं यावर जामीन ठरतो. १३ हे तिसऱ्या प्रकरणात येतं. जामिनावरची कुप्रसिद्ध आडकाठी, ४३-डी(५), फक्त चौथ्या आणि सहाव्या प्रकरणाला लागू. ३९ सहाव्यात. म्हणजे ३९ लावलं की आरोप 'प्रथमदर्शनी खरे' वाटतात का एवढंच न्यायाधीशाने बघायचं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या वाटाली निकालापासून (२०१९) तेही सरकारी कागदांवरून, पुराव्याची फार उलथापालथ न करता. १३ लावलं तर नेहमीचा जामिनाचा विचार. खटला चालवायची मंजुरीही वेगळी: १३ साठी केंद्राची किंवा केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, ३९ साठी राज्य सरकारचीही चालते. मंजुरीच्या शिफारशीला आणि निर्णयाला नियमांत सात-सात कामाचे दिवस दिलेत आणि ते पाळावेच लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितल्यापासून गृह खात्यात पडून राहिलेल्या फायली आरोपीच्या कामी येऊ लागल्या आहेत.

पुराव्याकडे येऊ, कारण असे खटले तिथेच बुडतात. दुकानाची झडती घ्यायला उपनिरीक्षक गेला. तेव्हा गुन्हा फक्त १९६ चा होता, त्यामुळे जाणं बरोबर. पण यूएपीएचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, आणि कलमं वाढल्यावरही दोन दिवस उपनिरीक्षकच जबाब घेत राहिला. झडतीतल्या त्रुटीने जप्त वस्तू पुराव्यातून बाद होत नाही, असं १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपण धरतो. पण जबाबांचं काय?

त्याहून वाईट गोष्ट उपनिरीक्षकाच्या उत्साहाने झाली. त्याने दुकानातला संगणक चालू केला, 'व्हिडिओ काम' नावाचं फोल्डर उघडलं, चौथा व्हिडिओ पंचांना दाखवला आणि मग यंत्र बंद करून लाखेचं सील मारलं. पंचनाम्यात सील आहे, सह्या आहेत, हार्ड डिस्कचा हॅश नाही. हॅश म्हणजे डिस्कमधल्या मजकुराचा गणिती ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तो जप्तीच्या वेळी घेतला नाही, आणि यंत्र चालू केल्याने काही फायलींवर पोलिसांच्या भेटीची वेळ चढली. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे, ते मोबाइलवर केलंही, पण सुरू केलं फोल्डर उघडल्यानंतर. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, एक यंत्र सादर करणाऱ्याचं, एक तज्ज्ञाचं, आणि दोन्हींत हॅश लिहायचा असतो. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा चालत नाही, हे खोतकर-गोरंट्याल निकालाने २०२० मध्ये पक्कं केलं. जालन्याच्या निवडणुकीचा तो वाद, पण त्याचा धाक आज डिचोलीच्या पंचनाम्याला आहे.

जप्त डिस्कमध्ये गावच्या दोन लग्नांच्या पत्रिका आणि एका पतसंस्थेचा वार्षिक अहवालही अडकला. आरोपीचा बाप वकिलाच्या दारात येऊन मुलाच्या जामिनाआधी तेच विचारतो: "वकीलबाब, लोक घरी येतात हो, पत्रिका कधी देतोस म्हणून." मी वर्गाला याचा अर्ज लिहायला लावतो. डिस्कची प्रत आधी प्रयोगशाळेत बनवा, मग ग्राहकांच्या फायलींची नक्कल द्या. सोपा अर्ज आहे, आणि त्याच्या निमित्ताने हॅश कधी घेतला हे सरकार पक्षाला लेखी सांगावं लागतं.

अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, हे यूएपीएलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ठरवलं, आणि आरोपीला समजेल अशा भाषेत ती हवीत हे २०२५ मध्ये. गोव्यात कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, पोलिसांचा छापील नमुनाही बहुतेक इंग्रजीच. मराठीत बारावी झालेल्या माणसाच्या हातात तो कागद दिला तर 'दिला' म्हणता येईल का? इथे अटक बेकायदा ठरून डीटीपीवाला सुटू शकतो, गुणदोषांवर एक शब्दही न बोलता.

गोव्यात संशयाने पुराव्याची जागा घेतली तर काय होतं, ते आपण पाहिलंय. १६ ऑक्टोबर २००९ ला, दिवाळीच्या आदल्या रात्री मडगावात स्कूटरवरून नेत असलेली स्फोटकं फुटली आणि नेणारे दोघे मेले. एनआयएने सहा जणांवर खटला चालवला. २०१३ च्या अखेरीला विशेष न्यायालयाने सहाही निर्दोष सोडले, आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. एवढा मोठा स्फोट होऊनही कट सिद्ध झाला नाही. मग एका उपशीर्षकाच्या फाइलीवर 'कट' उभा करू पाहणाऱ्याने किती जपायला हवं?

माझं मत मी लपवत नाही. डीटीपीवाल्यावर खटला चालवावा. पण चौथ्या व्हिडिओपुरताच. पहिले तीन आरोपपत्रात घालून त्याला 'सातत्याने प्रचार करणारा' दाखवायचा मोह आवरावा. त्या तिन्ही व्हिडिओंत गुन्हा नाही आणि ते घातले की चौथ्याची धार जाते. मुख्य आरोप १३ चा, ३९ पर्यायी म्हणून, पट्टी आणि व्हॉइस नोटवरून हेतूचा निष्कर्ष काढता येतो का हे न्यायालयाला ठरवू द्यावं. १८ आणि ३८ सोडून द्यावीत. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, १३ मुख्य केलं तर तो जामिनावर सुटेल." सुटेल. तो पळून जाणारा नाही, दुकान तिथेच आहे, फोन आणि डिस्क आपल्याकडे आहे. आत ठेवून काय मिळणार, ते सरकार पक्षाने सांगावं.

दुसरा एक विद्यार्थी म्हणाला, त्याला माफीचा साक्षीदार करा. चांगली सूचना, फक्त ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो माणूस आधी हवा. टेलिग्रामच्या प्रमुखाला ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाल्यावर कंपनीने धोरण बदललं. वैध कायदेशीर मागणीवर नंबर आणि आयपी पत्ता देऊ असं म्हणते. ती मागणी पहिल्या आठवड्यातच जायला हवी होती. यूपीआयची साखळीही बँकेकडे आहे: अडीचशे रुपये मिनिटाने कोणीतरी, कुठल्यातरी खात्यातून दिलेत. एफआयआर नोंदवल्यावर अहवाल राज्यामार्फत केंद्राकडे जातो आणि एनआयएने घ्यायचं की नाही हे पंधरा दिवसांत ठरतं. केंद्राने घेतलं नाही तर हे सगळं गोवा पोलिसांनाच करावं लागेल.

घड्याळ मात्र चालू आहे. ९० दिवसांत आरोपपत्र, किंवा सरकारी वकिलाच्या स्वतंत्र अहवालावर १८० पर्यंत मुदतवाढ, नाहीतर आरोपीला आपोआप जामीन. तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसती सही मारून दिलेला अहवाल चालत नाही, वकिलाने स्वतः डोकं लावलेलं दिसलं पाहिजे. आमच्या प्रकरणात ८८ वा दिवस आहे, मंजुरी आलेली नाही, आणि डिस्कचा प्रयोगशाळेचा अहवालही नाही. पुढच्या शनिवारी अर्ध्या वर्गाने मुदतवाढीचा अर्ज लिहून आणायचा, अर्ध्याने आपोआप मिळणाऱ्या जामिनाचा.